एकाच तोंडातले दात

सोमवार, ४ मार्च

पोचलो एकदाचे! सामानाचा टेम्पो आमच्या तासभर आधी येऊन थांबला होता, आणि ड्रायव्हर आमचीच खुर्ची उतरवून तिच्यावर ऐटीत बसला होता. संग्रहालय दगडी, दोन मजली. खाली दालन आणि माझी कामाची खोली, वर आम्हाला राहायला दोन खोल्या. खिडकीतून जुनी चुनखडीची खाण दिसते. चहूबाजूंनी पांढरे कडे आणि मधे हिरवंगार पाणी, भलतंच खोल म्हणे. बाबा बराच वेळ खिडकीशी उभे होते. म्हणाले, चाळीस वर्षं लोकांच्या तोंडात डोकावण्यात गेली, आता डोळ्यांना जरा लांबचं बघू दे. आई गेल्यापासून त्यांनी केलेला हा पहिला विनोद. लगेच ताईला फोन करून सांगितला. या वयात त्यांना कुठल्या कुठे नेतेस म्हणून ती महिनाभर माझ्याशी धड बोलत नव्हती. आज हसली.

गुरुवार, ७ मार्च

इथल्या प्रमुख बाई उंच, कायम सर्दी झालेल्या आणि स्वभावाने भल्या. माझ्या जागेवरचे गृहस्थ नऊ वर्षांपूर्वी निवृत्त झाले, तेव्हापासून कपाटांना कुणी हात लावलेला नाही. खाण चालू होती तेव्हा निघालेले जीवाश्म त्यांत कोंबून ठेवलेत: शिंपले, माशांचे मणके, सुटे दात. प्रत्येकाबरोबर एक चिठ्ठी, किती खोलीवर आणि कोणत्या थरात सापडलं त्याची. अक्षर मात्र असं, की मुंगी शाईत बुडून कागदावरून चालत गेली असावी. मी तासभर डोकं खाजवलं, मग बाबांना बसवलं. त्यांना धडाधड लागलं. असलं डॉक्टरी अक्षर दाताचा डॉक्टरच वाचू जाणे! रिकामपणाने कोमेजलेला माणूस दिवसभर चिठ्ठ्या वाचत गुणगुणत होता. इथे आलो ते बरं झालं.

सोमवार, ११ मार्च

आज खाणीचा पंपवाला एक दात घेऊन आला. खाणीतलं पाणी ठरावीक पातळीच्या वर चढू नये म्हणून पंप चालू ठेवायचा, हे त्याचं काम. दात कड्याच्या भेगेत सापडला म्हणाला. एवढं बोलून चहाही न घेता निघून गेला.

दात सुरेख आहे. माझ्या मधल्या बोटाहून लांब, मधाच्या रंगाचा. शार्कचा नव्हे, शार्कचा दात चपटा, मुळाला दोन फाटे असलेला. मगरीचाही नव्हे, तिच्या दाताचं मूळ पोकळ असतं. हा शंकूसारखा, जरा मागे वळलेला. पुढे एक धार, मागे एक धार, आणि धारेवर करवतीसारखे बारीक दाते. मूळ जाडजूड, हाडासारखं. सात कोटी वर्षांपूर्वी इथे समुद्र होता. त्यात बसएवढाले सरपटणारे प्राणी पोहत, पालीघोरपडींचे दूरचे नातेवाईक. त्यातल्याच कुणाचा तरी हा दात. पहिल्या आठवड्यात असं घबाड! रंग इतका उजळ कसा, ते मात्र बघायला हवं.

मंगळवार, १२ मार्च

दाताच्या मुळाला एका बाजूने खळगा आहे. नवा दात खालून वर यायला लागला की जुन्याचं मूळ असं झिजतं. म्हणजे हा मेलेल्या जनावराचा दात नव्हे. जित्या जनावराचा पडलेला, त्या जागी दुसरा उगवलेला. बाबांना त्याचा हेवा वाटला. आपल्याला दोनदाच संधी, आणि या पठ्ठ्याला जन्मभर बत्तिशी नवी! मग दाताच्या डाव्या अंगाला एक तिरकी खाच होती, तिच्यावर अंगठा फिरवत बसले.

गुरुवार, १४ मार्च

बाबांनी कपाटातून पाच दात शोधून टेबलावर ओळीने मांडले. पाचही दातांना डाव्या अंगाला तीच तिरकी खाच, तेवढीच लांब, त्याच कोनात. ते म्हणाले, जबड्याच्या हाडात जुना व्रण असला की त्या जागी येणारा प्रत्येक दात असाच येणार. हे सगळे एकाच जागेचे, एकाच तोंडातले.

मी चिठ्ठ्या पाहिल्या. पहिला दात तळच्या थरातला, पाचवा अगदी वरच्या. दोन्हींच्या मधे वीस लाख वर्षं.

हे शक्य नाही, असं मी म्हणाले. शक्य नाहीच, असं तेही म्हणाले. पण दात उचलून ठेवेनात.

शुक्रवार, १५ मार्च

जीवाश्म खरा की नाही हे बघायची सोपी रीत आहे. लाल तापवलेली सुई टेकवायची. दगड झालेल्या दाताला काहीच होत नाही. पंपवाल्याने आणलेल्या दाताला मी सुई टेकवली आणि धूर निघाला. पलीकडच्या खोलीतून बाबांनी हाक मारली, "कुणाचा दात कोरतेस गं?"

जळक्या नखासारखा तो वास. चाळीस वर्षं त्यांच्या दवाखान्यात हाच वास यायचा.

तीनदा करून पाहिलं. तीनदा तोच वास.

शनिवार, १६ मार्च

पंपवाल्याला गाठलं. आधी नाही नाही म्हणाला, मग खाली बसला. दात कड्यात सापडलाच नव्हता. पाण्यात सोडलेला रबरी पाइप वर ओढला, तेव्हा त्यात रुतलेला निघाला. लोक म्हणतील पिऊन बोलतोय, म्हणून खोटं सांगितलं. त्याने पाइप दाखवला. मांडीएवढा जाड, आणि त्यावर कमानीत भोकं.

मी तेव्हाच बोंब मारायला हवी होती. पण घरी येऊन अहवाल लिहायला घेतला. अहवालाखाली माझं नाव कसं दिसेल, याचाच विचार चालला होता. ते काय खोटं सांगू. फक्त भोकांमधली अंतरं हवी होती.

सोमवार, १८ मार्च, सकाळ

बाबा अंतरं मोजायला गेलेत. मला बाईंना कागद द्यायचे होते. ते म्हणाले, तोंडाचं माप घेणं माझं काम, तू बस लिहीत. हातात टेप घेऊन, शिटी वाजवत गेले.

सोमवार, दुपार

पंपवाला एकटाच परत आला. नुसता दारात उभा.

बाबा काठावर गुडघे टेकून भोकं मोजत होते. अकरापर्यंत मोजलेलं त्याने ऐकलं. तो टेपचं दुसरं टोक धरून मागे होता. आवाज झाला नाही. उतू जाणारं दूध फुगतं तसं पाणी फुगलं आणि पुन्हा बसलं. टेप तेवढा त्याच्या हातात राहिला.

ताईचा फोन आला होता. बाबा झोपलेत असं मी सांगितलं.

बुधवार, २० मार्च

पाणबुड्यांनी पाइप पाहिला आणि उतरायला नकार दिला. मोठे पंप मागवलेत, खाण रिकामी करणार. कल्पना माझी. सगळ्यांच्या हातापाया पडले.

चुनखडीतलं पाणी एवढ्या झपाट्याने उपसू नये. खालच्या पोकळ्यांचा आधार जातो, वरची जमीन खचते. हे मला पहिल्या वर्षाला शिकवलं होतं. बाईंनी विचारलं, काही धोका नाही ना. मी नाही म्हणाले. मला बाबा हवेत.

शनिवार, २३ मार्च

तळ दिसला. चिखल. बाबा नाहीत. चष्मा नाही, चप्पल नाही, शर्टाची चिंधीसुद्धा नाही.

ते जनावरही नाही. चिखलात नुसता ओढल्यासारखा रुंद पट्टा, आणि त्याच्या टोकाला कड्यात भोक. ट्रक सहज जाईल एवढं. आत काळं पाणी.

लोकांचा जीव भांड्यात पडला. गेलं एकदाचं म्हणाले. बाईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला.

भोक गावाच्या बाजूला जातं. हे मी कुणाला सांगितलं नाही. सांगून तरी काय —

रविवार, २४ मार्च

बाजारपेठेत रस्ता खचला. दुपारी एकला. दोन दुकानं, एक रिक्षा. खड्डा लगेच पाण्याने भरला. दोर टाकला तर —

दोर कापलेला आला. कापलेला नव्हे. करवतलेला.

संध्याकाळपर्यंत आणखी तीन खड्डे. पंपवाला आणि त्याची खोली, दोन्ही नाहीत. बाईंना वर या म्हणून सांगत होते. घरी मांजर आहे म्हणाल्या. गेल्या.

ताईला खरं सांगितलं. ती ओरडली नाही. रडलीही नाही. उद्या सकाळच्या गाडीने निघते, एवढंच म्हणाली. मी येऊ नको म्हणायच्या आत फोन ठेवला. आता लागत नाही.

सोमवार, २५ मार्च

सकाळचे अकरा. लख्ख ऊन. खालचं दालन पाण्यात. जिन्याच्या सहा पायऱ्या बुडाल्या. रस्ता नाहीच, नुसतं पाणी आणि छपरं. कुणाचाच आवाज येत नाही.

लिहीत राहते, दुसरं करण्यासारखं काही नाही.

ताई, हे तुला मिळालं तर — स्टेशनवरून मागे फिर. आम्हाला शोधू नकोस. पाणी उपसू देऊ नकोस कुणाला. बाबांना मीच पाठवलं होतं. ते अपघाताने गेले असं सगळ्यांना सांग, पण तू तरी —

खाली काचा फुटल्या. एकामागून एक, सावकाश. दालनातून फिरतंय.

जिन्यापाशी आलं. डोकं दिसतंय. डोळा माझ्या मुठीएवढा, पापणी आहे, मिटतो आणि उघडतो. माझ्याकडेच बघतोय. जिना अरुंद आहे, ताई, ते वर येऊ शकत नाही. मागे सरकलं. पाणी उतरलं. सहावी पायरी दिसायला लागली. पाचवी. चौथी. गेलं बहुतेक.

नाही. बाहेरून. खिडकीखालची भिंत ते —