पौषातल्या तारखा

प्रिय आक्का,

म्हणजे तू ऐकणार नाहीसच तर. दिवाळीत फोनच्या बूथवरून घसा फोडून सांगितलं की तो वर्ग बंद कर, तर तू हसलीस आणि मलाच विचारलंस, जेवलास काय. सरकारनं तुला नर्स म्हणून ठेवलंय, गोळ्या वाट, सुया टोच, पगार घे. समाजमंदिरात पोटुशा बायकांना घोंगड्यावर उकिडवं बसवून श्वास कसा सोडायचा ते शिकवायला कुणी सांगितलं? सासवांनापण बोलावतेस म्हणे, कळा आल्यावर सुनेची कंबर कशी चोळायची ते दाखवायला. गुंडू मधे गावाकडं जाऊन आला तेव्हा त्यानं इथं गलाईच्या दुकानात, चांदी गाळायच्या भट्टीपुढं तुझी नक्कल केली. गुडघे फाकून बसला, गाल फुगवून फू फू करत म्हणाला की बघा रं, सयाच्या बहिणीनं बायकांचा भाता केलाय. सिलिगुडीतली आपल्याकडची सगळी पोरं हसली. मीपण हसलो. मग आठवलं की त्या घोंगड्यावर माझी अक्षतापण बसते.

तुला वाटेल ह्याला बायकोची लाज वाटते. तसं नाही. मी फौंड्रीत टिकलो नाही, ट्रकवर टिकलो नाही, इथंही शेठ म्हणतो की ह्याच्या बुडाखाली निखारा हाय. पण ह्या महिन्यात चांदी गाळताना हातच चालत नाही. आपलं गाव तसलं. बाप्ये सोनंचांदी गाळायला देशभर पांगलेले, चैत्रात जत्रेला सगळे एकदम घरी, आणि पौषात सगळ्यांच्या बायका एकदम बाळंत व्हायला. लोक चेष्टेनं जत्रेची पोरं म्हणतात. चेष्टा कसली त्यात. तालुक्याला डॉक्टर एकटा. भूल देणारा कोल्हापुरातनं ठरल्या वारीच येतो. भलत्या वारी कुणी अडली तर काय करायचं, म्हणून डॉक्टर कळा यायच्या आधीच बायकांना ऑपरेशनच्या तारखा वाटून टाकतो, लग्नाच्या हॉलसारख्या. माणूस वाईट नाही, भ्यालेला आहे. तू म्हणतेस, दहातल्या नऊ जणींना सुरी लागायचीच नाही, भीती घालवा, चालतं ठेवा, वाट बघा. आणि रक्त दिसलं, डोळ्यापुढं अंधारी आली तर क्षणभर थांबू नका, हेपण सांगतेस. अक्षतानं मला ते फोनवर धड्यासारखं म्हणून दाखवलंय.

गुंडूचं ऐक. गेल्या पौषात त्याच्या बायकोला तारीख दिली, पोट फाडलं, पोरगी झाली. टाके पिकले. हा इथं, ती तिथं खाटेवर. टाके सुकतायत तोवर जत्रा आली आणि हा गावी गेला. आता पुन्हा पौष. डॉक्टरनं पुन्हा तारीख दिलीय. काल तेजाबाचा धूर निवल्यावर तोच नक्कल करणारा गुंडू जवळ येऊन बसला आणि हळूच विचारलं की सया, तुझी आक्का शिकवती ते कच्च्या टाक्यावर चालतंय काय रं. मला काय कळतंय. हे पत्र घेऊन तोच येतोय. त्याच्या बायकोला दवाखान्यातच जावं लागणार असेल तर तसं तोंडावर सांग, गोड बोलू नकोस.

आता माझं. परवा अक्षताचा फोन आला. कळा नाहीत, काही नाही, तरी पिराजीमामांनी डॉक्टरकडनं सोमवारची तारीख घेतली. लेकीची काळजी, दुसरं काय. ती म्हणाली की बाळाचं डोकं खाली हाय, आक्कांनी हात लावून बघितलंय, मला वाट बघायची हाय, पण बाबा म्हणत्यात नवऱ्याला विचार. तिनं विचारलं. तिकडं बूथवर तिच्या मागं माणसं खोळंबलेली, मीटर पळत होता, मी फोन ठेवून दिला. कारण मला आई दिसली. वाट बघा म्हणणारी सगळी माणसं त्या दिवशीपण शहाणीच होती. आई कळा देत परसात चालत होती, तुझा हात तिच्या पाठीवर, मी वासराजवळ. मग लुगडं लाल झालं, आणि गावातली एकुलती एक जीप वऱ्हाड घेऊन गेलती. ह्यावर तू कधी बोलली नाहीस, मी विचारलं नाही. तू नर्स झालीस, मी पळत सुटलो. आक्का, अक्षताला वाट बघायची आहे तर बघू दे. मामांना सांग, सयानं सोमवार मोडायला सांगितलाय, काय शिव्या घालायच्या त्या मला घाला. पण तिला तुझ्या क्वार्टरवर ने आणि नजरेआड करू नकोस. आणि हे पत्र वाचलं की ज्ञानूची जीप ड्रायव्हरसकट तुझ्या दारात उभी कर, बाळ होईपर्यंत. दुसऱ्या कुणाचं भाडं त्यानं घ्यायचं नाही. रक्त दिसलं तर तालुक्याला नको, थेट कोल्हापूर. रिकामी गाडी उभी केली म्हणून गाव हसेल, हसू दे. जीप जागची न हलता परत गेली तर मी ह्या जन्मात तुझ्याशी भांडणार नाही. गुंडूकडं जीपच्या भाड्याचे पाच हजार रुपये दिलेत.

तुझाच,
सया