एका खुर्चीचं विमान

राहुरी, ८ ऑक्टोबर २०२५

ती. दादांस,
धाकट्या भावाचा, गोरक्षचा शि. सा. न.

फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही, आधीच ओरडता. म्हणून लिहितो. आपल्या कांद्याच्या चाळीत मी हातानं बांधत आणलेलं विमान टेम्पोत घालून इथं माझ्या मित्राच्या, हर्षलच्या रानात आणलंय, ते कायमचं.

दसऱ्याला मी इंजिन आणायला गेलो होतो. माघारी वहिनींनी ट्रॅक्टरची पूजा केली, विमानाचीही केली. हळदकुंकवाला माझी ना नाही. पण नारळ फोडायला पंखाचा मुख्य पाईपच सापडला? ॲल्युमिनियम आहे ते, दगड नाही! बरं, फोडला तर फोडला, मला सांगायचं होतं. तुम्ही काय केलंत? ट्रॅक्टरची मडगार्डं ठोकणारा माणूस बोलावला, पोचा ठोकून काढला, वर पुट्टी, वर चंदेरी रंग. पंखावर कापड चढवायच्या आधी सहज हात फिरवला म्हणून कळलं. नाहीतर तो पाईप हवेत मोडला असता आणि माझ्यासकट खाली आला असता. तुम्हाला भाऊ नको असेल तर तोंडावर सांगा.

लोभ असू द्या असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहितो.
गोरक्ष


पुणतांबा, १३ ऑक्टोबर

चि. गोरक्ष यास आशीर्वाद, मनात नसला तरी.

अक्कल गहान टाकलीस का रं? भाऊ नको असंल म्हनं! आई गेली तवा तू रांगत हुतास. तुझ्या वहिनीनं, राहीनं, तुला वाढवलं. तुझं पत्र ऐकून ती भरल्या ताटावरनं उठली. पोचा पडला तवा ती रडाय लागली, गोरक्ष मला फाडून खाईल म्हनली. म्हनून मी मानूस बोलावला. पाईप सरळ झाला, रंग बसला, आमाला वाटलं मिटलं. ट्रॅक्टरचं आमी असंच करतो. हवेत काय हुतं ते आमाला काय ठावं?

अन् घरात मानसं पाच, तू खुर्ची बांधलीस एक. गावात लोक इचारत्यात, तुझा भाऊ एकटाच कुठं निघाला? काय सांगू मी? आता ते यंत्र परत आनलंस तर चाळीला कुलूप दिसंल.

तब्येतीला जप. तुझा दादा,
जालिंदर


राहुरी, १८ ऑक्टोबर

ती. दादांस नमस्कार. शिरसाष्टांग आता जमणार नाही.

हे विमान एकाच माणसाला उचलतं, इतकं हलकं असतं. घरी बांधणारे असंच बांधतात. आणि दुसऱ्याचा जीव माझ्या हातच्या कामावर टांगायची माझी हिंमत नाही. तुम्हाला यातून वेगळा अर्थ काढायचा असेल तर खुशाल काढा.

नवा पाईप बसवला. परवानगीचे कागद झाले की उडणार. वहिनींना सांगा, माझा राग नारळावर नाही, लपवण्यावर आहे. दिवाळीला येणार नाही. उडायचा दिवसही कळवणार नाही.

लोभाचं तुमचं तुम्ही ठरवा.
गोरक्ष


पुणतांबा, १७ नोव्हेंबर

चि. गोरक्ष यास,

तू कळवलं न्हाईस, हर्षलनं कळवलं. त्याला शिव्या घालू नको, तुझ्यापरीस लई बरा हाय तो. राहीनं धोसरा लावला, म्हनून तिला मोटारसायकलवर घेऊन आलो अन् हर्षलच्या उसाआड उभा राह्यलो. बघनार न्हाई अशी शपथ घातली हुती स्वतःला, म्हनून तुझ्याकडं पाठ केली. राही बघून सांगत हुती. पळालं म्हनली. उठलं म्हनली. मग गप्पच झाली. मी इचारतोय, काय झालं, अगं काय झालं, तर ही बोलंना. मला निस्ता आवाज ऐकू येत हुता. एकदा तो बारीक झाला तवा मी बांधावर खाली बसलो. मूर्खा, आवाज कशापायी बारीक केलास? शेवटी उतरलं म्हनली अन् माझ्या पाठीत बुक्की घातली. तुला न भेटताच निघालो. समोर आला असतास तर मी हात उचलला असता.

मी तुला माफ केलेलं न्हाई. कुलूपबी काढनार न्हाई. पन पुढल्या टायमाला उडशील तवा दिवस अन् वेळ कळव. मला बघायचं न्हाई. पन कवा बघायचं न्हाई, ते तरी मला ठावं पायजे का न्हाई?

राहीचे आशीर्वाद. माझा राग तसाच.
जालिंदर