पुढचे दोन दिवे

६ जानेवारी, मंगळवार

गाडीचा उजवा दिवाही गेला! डावा दिवाळीतच गेला होता, एकावर चालवत होते. खेडहून परत येताना, ऐन घाटात. पुढे ट्रक होता म्हणून वाचलो — त्याच्या लाल दिव्यांमागे रांगत आले. मग ट्रक वळला. काळोख! महिपतकाकांनी खिडकीतून हात काढून मोबाइलची बॅटरी धरली. "चल गो, मी हाय!" चार तास डायलिसिस करून आलेला माणूस! मागे बाबा डोळे मिटून.

शेजारच्या वाडीतले काका. बाबांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, नि त्यांची डायलिसिसची पाळी एकच, मंगळवार-शुक्रवार, दुपारची. सकाळची मिळत नाही. सुटेपर्यंत अंधार पडतो नि मंडणगडकडे एसटी नसते. म्हणून माझीच गाडी दोघांना.

घरी आल्यावर स्टिअरिंगवरचे हात सुटेनात.

७ जानेवारी

उजेडात शोरूमला नेली. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "मॅडम, यात नुसता बल्ब मिळत नाही. एलईडी आहे. अख्खा हेडलाइट बदलायचा, बंपर उतरवावा लागेल." एका बाजूचे अठरा हजार! मजुरी वेगळी. मी म्हटलं, अगं, दिवा गेलाय, गाडी नाही. ती हसली नाही. बाजारातल्या गॅरेजवाल्यानेही वाकून बघितलं — "ताई, सीलबंद आहे. माझ्याकडून नाही व्हायचं."

मुंबईहून नवऱ्याचा, महेंद्रचा फोन. "दिव्यांना एवढे? जुनी गाडी घेऊन फसलो आपण. पगार होऊ दे, बघू."

बघू!

९ जानेवारी

गेलो. रात्री परत येणं नको म्हणून दवाखान्याच्या बाकांवरच झोपलो तिघंही. काकांनी आपली शाल बाबांना दिली आणि स्वतः खोकत बसले. उजाडल्यावर निघालो.

१३ जानेवारी, मंगळवार

बाबा उठलेच नाहीत. "पाठ धरलीय त्या बाकानं. एक पाळी चुकली तर कोण मरत नाही." मी वाद घातला नाही. खरं लिहायचं तर सुटल्यासारखं वाटलं. काकांना कळवलं, आज गाडी नाही. "मग मी पण दांडी मारतंय!" शाळेतल्या पोरासारखे हसले.

१४ जानेवारी

बाबांचे पाय सुजलेत. बोटाने दाबलं तर खड्डा तसाच राहतो. घाबरले. महेंद्रला न विचारता पोस्टातली आरडी मोडली, शोरूमला फोन केला — दोन्ही मागवा. मंगळवारी बसवून देतो म्हणाले. शुक्रवारी भाड्याची गाडी करेन. ठरलं.

१५ जानेवारी

महिपतकाका गेले. काल तिन्हीसांजेपासून दम लागला होता. छातीत पाणी झालं. गाडी शोधेपर्यंत संपलं सगळं.

त्यांची बायको, सोनूकाकी, भिंतीला टेकून बसली होती. मी ओरडलेच — "काकी, मला एक फोन करायचा होता! मी घरातच होते!"  तिने मान फिरवली.

१६ जानेवारी

भाड्याच्या गाडीने बाबांना नेलं. नर्सने विचारलं, "दुसरे आजोबा कुठायत?" मीच सांगितलं. बाबा चार तास छताकडे बघत पडले. जेवले नाहीत.

२० जानेवारी, मंगळवार

दिवे बसले. पांढरेशुभ्र. घाटातलं पान न् पान दिसत होतं. बाबा मागे एकटेच.

काकांच्या घरावरून येताना काकी पायरीवर बसलेली दिसली. उजेड तिच्या तोंडावर पडला, तिने डोळ्यांवर हात धरला. मी दिवे बंद करून उतरले.

"झाले काय गो दिवे?"

"हो काकी."

"बरा झाला," म्हणाली आणि आत गेली.

२१ जानेवारी

सकाळी बाबांनी चहाचा कप तसाच खाली ठेवला. म्हणाले, "त्या तिन्हीसांजेला महिपतचा फोन माझ्याकडे आला होता. तू मोरीत कपडे धूत होतीस. दम लागतोय, सूनबाईला पाठव, म्हणाला. मी सांगितलं, गाडी शोरूमला आहे."

गाडी अंगणात होती!

"का, बाबा?"

"तू तशाच काळोखात निघाली असतीस."