शंभर टक्के बॅटरी आणि तुमची बहीण

रोहणा,
शनिवार, दिवेलागण

ती. प्रभाकरराव यांना हिरालालचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचा गुडघा, तुमचा ढाबा आणि तुमची म्हैस, तिघांचीही प्रकृती उत्तम असावी. तुमच्या बहिणीचीही असेलच. (स्वतःच्या बायकोची खुशाली मेहुण्याला विचारायची वेळ आली आहे. ती कारंजाला येऊन आठवडा झाला आणि माझा फोन उचलत नाही, म्हणून हे पत्र.) इकडे सर्व क्षेम. बॅटरी शंभर टक्के.

ज्योत्स्नाची बाजू तुम्ही जेवताना रोज ऐकत असाल, आता माझी ऐका. कापडाचं दुकान बंद केल्यापासून मला घरात कोणी काही विचारत नव्हतं. मग गच्चीवर सोलर बसलं, जिन्याखाली बॅटरी आली, आणि मला एकदम खातं मिळाल्यासारखं झालं. मी नियम केले. पाण्याची मोटर, मिक्सर, इस्त्री, जे काय चालवायचं ते ऊन डोक्यावर असताना. दिवस कलला की मिक्सरला हात लावायचा नाही. (संध्याकाळी पाहुणे आले तर चटणी पाट्यावर. पाट्याची चव वेगळीच लागते, हे मी तिला समजावलं होतं.) रात्री घर आधी बॅटरीवर चालतं, म्हणून कूलर बंद, पंखा एकवर. बॅटरी राखून ठेवायची ती लाईन जाईल त्या दिवसासाठी. मे महिन्यातल्या रात्री तुम्हाला ठाऊकच आहेत, पण ती सोसत होती, हे मान्य करतो.

मधेच एकदा तिनं पॅनलवर कुरडया वाळत घातल्या. म्हणे गच्ची तुमच्या काचांनी अडवली, मग मी जाऊ कुठं? मुद्दा बरोबर होता, पण त्या दिवशी बॅटरी भरता भरता संध्याकाळ झाली आणि मी थोडं बोललो. (थोडं म्हणजे रात्रीचं जेवण होईपर्यंत.)

मागच्या शुक्रवारी दिवस मावळताना वादळ आलं आणि लाईन गेली. सगळं रोहणा अंधारात, आणि आमच्या घरचे दिवे आपोआप लागलेले. ज्या दिवसाची मी वाट पाहत होतो तो हाच. पण दिवे पाहून मी आकडेमोड करू लागलो. ही लाईन कधी येईल कोणाला ठाऊक? आत्ताच उधळली आणि पुढं खरी गरज पडली तर? मी उठलो आणि बॅटरीचा खटका पाडला. मेणबत्ती लावली. शेजारी भावनाबाईंकडे त्यांच्या जुनाट इन्व्हर्टरवर पंखा फिरत होता, त्याचा आवाज आमच्या ओसरीत येत होता.

“लाईन जाईन तेव्हा कामी येईन, लाईन जाईन तेव्हा कामी येईन,” ज्योत्स्ना म्हणाली. “मंग हे आता काय होऊन राह्यलं?” आणि ती भावनाबाईंकडे जाऊन बसली.

सकाळी लाईन आली. मी मोठ्या आनंदानं तिला सांगितलं, शंभर टक्के, एक टक्काही कमी नाही. ती म्हणाली, “मंग आता तिच्यासंगच संसार करा. जेवाले पोया-भाजीही तिलेच मागजा.” आणि बॅग भरायला लागली.

यात माझं काय चुकलं, ते तुम्हीच सांगा. तुम्ही वडीलधारे, हायवेवर बसून नाना तऱ्हेची माणसं पाहिलेली. मी तिला बोलावत नाही. हवे तितके दिवस राहू द्या. वहिनींना नमस्कार.

आपला,
हिरालाल

ता. क. समजा ती निघालीच, तर सकाळच्या बसनं पाठवू नका. दिवस मावळल्यावर पोचेल असं पाहा. ओसरीपासून गच्चीपर्यंत सगळे दिवे लावून ठेवतो, बस थांबते तिथून दिसतील.

आणखी ता. क. पॅनलवर कुरडया चालतील. (एका पॅनलवर. कडेच्या.) (बरं, दोन.)

रविवार, सकाळ. काल पत्र बंद करून आडवा झालो. घर फार शांत आहे हो. शेवटी तिच्या खाटेकडे तोंड करून कूलर लावून दिला, खाटेवर कोणी नसताना, रात्रभर. आत्ता बॅटरी एकवीस टक्के आहे. एवढा आकडा तिला सांगा. बाकीचं पत्र वाचून दाखवलं नाही तरी चालेल.