सुलट वळलेली तार

वरचा सडा, रत्नागिरी
१२ जानेवारी २०२५

ती. सौ. मालिनीताईस,
गोपाळकृष्णाचा शि. सा. न. वि. वि.

आजवर या हातांनी केलेल्या वस्तू अशा: फांदी न हलवता आंबा उतरवणारा झेला, सायकलच्या साखळीवर चालणारा विहिरीचा रहाट, पायानं दाबून सुपारी कातरायचं यंत्र, आणि आईच्या देवघरातली आपोआप वाजणारी घंटा, जी तिनं दुसऱ्याच दिवशी बंद करवली, कारण म्हणे देव दचकतात. यातलं काहीही मला कुणी शिकवलेलं नाही. दहावीनंतर जे शिकलो ते वस्तू उघडून शिकलो, आणि उघडलेली प्रत्येक वस्तू परत जोडून दिली. तुझ्या लग्नात आलेला मिक्सर तेवढा राहिला, पण तो विषय आपण केव्हाच मिटवलाय.

आता पवनचक्की करतोय. फोनवर सांगणार होतो, पण तू म्हणतेस मी फोनवर तुला बोलू देत नाही; म्हणून हे पत्र. शिवणीच्या लाकडाची तीन पाती तासून झाली. मधला दांडा जुन्या रिक्षाच्या चाकाचा. खांब उभा आहे. राहिला जनरेटर, आणि त्यासाठी तुझे हात हवेत.

जनरेटर या शब्दाला घाबरू नकोस. तारेच्या गुंडाळीसमोरून चुंबक सरकला की तारेत वीज धावते. चुंबक थांबला की वीज थांबली. झालं, एवढंच. धरण असो, कोळसा असो की वारा असो, ती सगळी चुंबक फिरता ठेवायची खटपट आहे. मी दोन लोखंडी तबकड्यांवर सहा-सहा चुंबक बसवलेत, एकाचं तोंड उत्तरेचं, शेजारच्याचं दक्षिणेचं, असे आळीपाळीनं. दोन तबकड्यांच्या मधे सहा कॉइली स्थिर बसतील. वारा तबकड्या फिरवील, कॉइली जागच्या हलणार नाहीत.

सोबत तांब्याची तार आणि लाकडी साचा पाठवतोय. लाखभर वाती वळलेला तुझा हात, तार ओरखडा न येता सारखी बसेल. माझा हात कमी पडतो असं कुणी समजू नये. सध्या मोहोराची फवारणी चालू आहे. एक गोष्ट मात्र नीट वाच. तीन कॉइली सुलट गुंडाळायच्या, तीन उलट. शेजारच्या दोन कॉइलींसमोर एकाच वेळी विरुद्ध तोंडाचे चुंबक येतात. सगळ्या एकाच अंगानं गुंडाळून जोडल्या तर एकीनं दिलेली वीज दुसरी खाऊन टाकील. उलट तिघींना लाल दोरा बांध.

यंदा शिमग्यात देवीची पालखी आपल्या अंगणात येईल तेव्हा मेन स्विच बंद करून वाऱ्याच्या विजेवर दिवे लावीन, असं मी गावकीच्या बैठकीत उभं राहून सांगून आलोय. माझीच बायको असून हेमांगीनं ते ऐकून घरी अट घातली: पालखीला दिवे लागले नाहीत तर यंत्र जाईल आणि खांबाला कपड्यांची दोरी बांधली जाईल. तशी ती दोरी तिनं आणूनही ठेवलीय.

भाऊजींना नमस्कार. लोभ आहेच, तार संपेपर्यंत तरी टिकव.

तुझा,
गोपू

*

चिपळूण
२८ जानेवारी २०२५

चि. गोपूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

कॉइली पाठवतेय. ह्यांच्या एका डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं, पण दुसऱ्याचं पुढच्या महिन्याच्या शेवटी आहे, मला इथून हलता यायचं नाही, तेव्हा शिमग्याला माझी वाट पाहू नकोस. यंदा पालखी चुकणार म्हणून जीव हळहळतोय. बरं, माझ्या हातची तार तरी अंगणात असेल.

लिंबाचं लोणचं सोबत आहे. हेमांगीला सांग, बरणी उन्हात ठेव आणि गोपूपासून लांब ठेव. तो झाकणाला स्प्रिंग लावील.

(मागच्या पानावर वाच.)

आता कॉइलींचं. साचा मांडीवर घेऊन बसले आणि दर वेढ्याला एक नाम घेतलं, म्हणजे मोजण्यात चूक व्हायला नको. पण गोपू, तुझं ते उलटसुलट मी मनावर घेतलेलं नाही. देवापुढे लावायच्या दिव्याची तार. आपण प्रदक्षिणा उलट घालत नाही, वात उलट वळत नाही, मग तारच तेवढी का वळायची? साही कॉइली सुलट आहेत, अगदी एका अंगाच्या. वरच्या बाजूला कुंकवाचं बोट लावलंय. तू सांगितलंस म्हणून तिघींना लाल दोरा बांधलाय. दोऱ्याला माझी हरकत नाही. तुझ्या यंत्राला काही अडचण असेल तर लगेच कळव. परत गुंडाळीन, पण सुलटच.

हातातला पाना खाली ठेवून वेळेवर जेव. ही तुझ्या बहिणीची माया आहे, तिला विनंती समजू नकोस.

तुझी,
ताई

*

वरचा सडा, रत्नागिरी
२१ फेब्रुवारी २०२५

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

कॉइली पोचल्या. हात लावावासा वाटेना इतक्या देखण्या. लाल दोरा पाहून एक सुलट, एक उलट अशा क्रमानं मांडल्या, वर कुंकू ठेवून, आणि वरून रेझिन ओतून सगळ्या एकत्र पक्क्या केल्या. आता ती अख्खी चकती दगडासारखी घट्ट झालीय, फक्त तारांची टोकं बाहेर आहेत. बेअरिंगखाली अर्ध्या मिलिमीटरला जरा कमी अशी फट राहत होती. तुझ्या पत्राच्या मागच्या पानाची चार पदरी घडी तिथे नेमकी बसली. पुढचं पान वाचलं होतं. मागे लोणच्याचीच कृती असणार, आणि लोणचं तर खाऊन झालंय.

यंत्र फिरतं. दुपारी खाऱ्या वाऱ्यावर असं फिरतं की भाट्याच्या पुलावरून दिसतं. वीज मात्र नाही. मीटर लावला, शून्य. पाती तासून हलकी केली, शून्य. चुंबक एकेक काढून तपासले, सगळे जागेवर. मग मीटरच खोटा ठरवून बाजारात दाखवायला नेला. दुकानदार म्हणाला, मीटर उत्तम आहे. त्याच्याशी मी आता बोलत नाही. काल डायोड बदलले. आज पुन्हा शून्य.

शेजारचा बाबल्या रोज मधल्या दगडी गडग्यावर बसून पाहतो. गोपाळकाकांनी सड्यावरच्या कावळ्यांना उकडतं म्हणून पंखा लावलाय, असं तो अख्ख्या वाडीत सांगत सुटलाय. हेमांगीनं दोरीला गाठी मारून लांबी बघून घेतली. मी पाहतोय हे तिला दिसत होतं, तरी मारल्या.

एक गोष्ट बरी झाली. खाली समुद्राकडे रिसॉर्ट काढलेले सर्वेशशेठ येऊन गेले. माणूस मुंबईचा, पण नजर आहे. यंत्राभोवती दोनदा फिरले आणि विकत द्याल का म्हणाले. वीज निघत नाही हे मी खरं तेच सांगितलं. ते म्हणाले, त्याचं काही नाही, एवढं सुंदर काम आहे. पालखी झाली की आकडा घेऊन येणार आहेत. हेमांगीचं मत, तिथवर थांबूच नये, आत्ताच देऊन टाकावं. ताई, माझं यंत्र जाणार असेल तर निदान चालतं जावं. पालखीला तीन आठवडे राहिलेत आणि मला चूक सापडत नाही. ही ओळ भाऊजींना वाचून दाखवू नकोस.

लोभाची आज जरा जास्तच गरज आहे.

गोपू

*

चिपळूण
२७ फेब्रुवारी २०२५

चि. गोपूस,
आशीर्वाद, आणि हे पत्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाच.

माझ्या पत्राचं मागचं पान तू बेअरिंगखाली घातलंस हे वाचून ह्यांनी डोळ्यावरची पट्टी काढायला घेतली, मला तो कागद दाखव म्हणून. तो माझ्याकडे नाही हे त्यांना समजावता समजावता पुरेवाट झाली. लहानपणी गोष्टींच्या पुस्तकाचंही शेवटचं पान तू असंच पतंगाला लावायचास, आणि मग शेवट काय झाला म्हणून माझ्यामागे भुणभुण.

यंत्र उघड. कागद काढ. वाच. तुझी चूक तिथे आहे. म्हणजे माझी आहे, पण मी ती लिहून कळवली होती, म्हणून तुझी.

तुझी,
ताई

*

वरचा सडा, रत्नागिरी
५ मार्च २०२५

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

कागद काढला. ग्रीसनं भिजला होता, पण तुझं अक्षर ठसठशीत. अंगणातच बसून वाचला आणि बराच वेळ तिथेच बसून राहिलो. हेमांगीला वाटलं चिपळूणहून वाईट बातमी आली. तिला वाचून दाखवला. बाईमाणसानं किती हसावं याला काही मर्यादा आहे का? गडग्यावरून बाबल्या विचारत होता काय झालं म्हणून. त्याला तिनंच जाऊन सांगितलं.

पहिल्या रात्री मी तुझ्यावर रागावलो होतो. सहा कॉइली, तीन देतायत आणि तीन खातायत, आणि मी दुकानदाराशी भांडतोय. रेझिन फोडायचं तर तुझी तार गेली. परत गुंडाळायला वेळ नाही, आणि गुंडाळल्यास तरी तू सुलटच गुंडाळणार.

सकाळी लक्षात आलं की फोडायचं काही कारणच नाही. कॉइल उलट गुंडाळा नाहीतर तिची दोन टोकं अदलाबदल करून जोडा, विजेला दोन्ही सारखंच. लाल दोऱ्याच्या तिघींची टोकं बाहेर होतीच. आतलं बाहेरच्या जागी जोडलं, बाहेरचं आतल्या. तुझ्या एकाही वेढ्याला उलटं वळावं लागलेलं नाही. नामं सगळी सुलटच राहिली.

दुपारी वारा आला. मीटरवर चौदा व्होल्ट. मी कुणाला हाक मारली नाही. हेमांगी आपणच पदराला हात पुसत बाहेर आली, मीटरकडे पाहिलं आणि म्हणाली की चौदा म्हणजे चांगले का. मी म्हटलं चांगले. तिनं दोरी आत नेऊन ठेवली. टाकून दिलेली नाही, आत ठेवलीय.

पालखी रात्री येते आणि रात्री सड्यावर वारा पडतो, म्हणून रोज दुपारची वीज बॅटरीत भरतोय. बेअरिंगखाली आता पत्र्याचा तुकडा घातलाय. तुझं पान वाळवून ठेवलंय.

या खेपेस लोभ मीच ठेवायचा आहे, तो ठेवलाय.

गोपू

*

वरचा सडा, रत्नागिरी
१९ मार्च २०२५

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पालखी परवा येऊन गेली. तू नव्हतीस म्हणून सगळं लिहितो, आणि दोन्ही पानांवर लिहितो.

रात्र झाली तसं एक पान हलेना. यंत्र खांबावर गप्प उभं होतं. ढोल खालच्या पाणंदीत वाजायला लागले तेव्हा मी मेन स्विच बंद केला. अंगण काळंकुट्ट झालं. बाबल्यानं अंधारात मोठ्यानं विचारलं की कावळे झोपले का. मी बॅटरीचा खटका दाबला.

ताई, दिवे लागले. तुळशीपाशी, गडग्यावर, फणसाच्या फांदीवर, सगळे. पालखी त्यांच्याखाली नाचवली आणि एकही दिवा लुकलुकला नाही. मानकऱ्यांनी गाऱ्हाणं घातलं त्यात घरच्यांची, गुरांची, आंब्याची नावं घेतली, आणि शेवटी जरा अडखळून गोपाळरावांच्या पंख्याला वारा पुरवावा असंही मागितलं. वाडीनं होय महाराजा म्हटलं. त्यात बाबल्याचा आवाज सगळ्यांत मोठा होता, हे मी स्वतः ऐकलं.

हेमांगीनं देवीची ओटी भरली, मग कुंकवाचं बोट घेऊन खांबापाशी गेली आणि खांबालाही लावलं. हे तुझ्या नावानं, असं म्हणाली. कपड्यांची दोरी आता माडापासून फणसापर्यंत बांधलीय. ती मीच बांधून दिली.

भाऊजींच्या डोळ्याला जपा. लोणचं पाठवशील तर कृती पुढच्या पानावर लिही. लोभ आहे तसाच राहो, सुलट.

तुझा,
गोपू

ता. क. सर्वेशशेठ काल आकडा घेऊन आले. यंत्र त्यांना रिसॉर्टच्या दारात लावायचंय. पाहुणे फोटो काढायला येतात तेव्हा वारा असतोच असं नाही, म्हणून उलट बाजूनं वीज देऊन पाती दिवसभर फिरती ठेवता येतील का, असं त्यांनी विचारलं. येतील, मी खरं तेच सांगितलं. जनरेटरला बाहेरून वीज दिली की त्याची मोटर होते. ते खूश झाले. म्हणजे तुझी तार विजेवर पंखा फिरवणार आणि लोक त्याला पवनचक्की म्हणणार. हेमांगी दारात उभी राहून ऐकत होती, आणि तिनं मला काहीही सुचवलं नाही. मी नाही म्हटलं. नव्वद हजार रुपये.