मामांचं निरोगी हृदय

दि. ३ ऑक्टोबर

चि. टिटवीस अनेक आशीर्वाद.

पत्र बघून हसशील. पाच देशांना डोळ्याचं पातं लवायच्या आत जोडणाऱ्या भाचीला मामा पोस्टाचं तिकीट चिकटवून लिहितोय! पण फोनवर तुझ्याशी भांडता येत नाही, तू मधेच तोंड घालतेस. कागदावर निदान माझं वाक्य पुरं होतं.

तर तक्रार अशी. तू मोठा गाजावाजा करून आमच्या इस्पितळाला विद्यापीठांच्या त्या वेगवान जाळ्यात जोडलंस. त्यावरून काल माझा पहिला वर्ग झाला. पाच देशांतली पोरं कान टवकारून बसली होती. हृदय ऐकायला शिकवताना मी दर वर्षी करतो तेच केलं. स्टेथोस्कोपचा माइक स्वतःच्याच छातीवर ठेवला आणि म्हटलं, हे निरोगी हृदय, आधी हे नीट ऐका, मग बिघडलेल्यांकडे वळू. तेवढ्यात पार पलीकडच्या देशातल्या एका मुलीनं हात वर केला. भीत भीत म्हणाली, की दुसऱ्या ठोक्यानंतर कुणीतरी हलकेच फुंकर घालतंय असं ऐकू येतंय. माझं तोंड बघण्यासारखं झालं असणार.

ती फुंकर तुझ्या तारेची आहे. साध्या इंटरनेटवरून इतकी वर्षं शिकवलं, असलं काही कधी झालं नाही. ताबडतोब दुरुस्त कर. लोभ आहे, पण सध्या तो ताणलेला आहे असं समज.

तुझा मामा

*

दि. ८ ऑक्टोबर

ती. स्व. मामांस शि. सा. न. वि. वि.

तुमचं रागाचं पत्र पावलं. ऑफिसात सगळ्यांना वाचून दाखवलं, माफ करा. मग कामाला लागले आणि तार या टोकापासून त्या टोकापर्यंत तपासली. इकडून शांतता पाठवली, तिकडून शांतताच निघाली. याच तारेवरून एक दुर्बीण आकाशाचे फोटो दुसऱ्या खंडात पाठवत असते, आणि अजून एकाही ताऱ्याची तक्रार आलेली नाही.

खरी गंमत तुमच्या लाडक्या साध्या इंटरनेटची आहे. ते आवाज दाबून, घडी घालून पाठवतं. बारीक आवाज म्हणजे त्याला खरखर वाटते, मग ते तो आवाज झाडून टाकतं. आमची तार आवाज आहे तसा नेते, म्हणून तर डॉक्टर लोक आमच्या मागे लागतात. मामा, ती फुंकर कदाचित आधीपासूनच होती आणि वाटेत कचऱ्यात जात होती.

चेष्टा करतेय खरी, पण हे हसण्यावारी नेऊ नका. माझ्यावर विश्वास नसेल तर एक करा. त्याच खुर्चीत, त्याच माइकसमोर मामीला बसवा. तार फुंकत असेल तर मामीच्या छातीतही फुंकेल. नाही फुंकली, तर हट्ट सोडून टू-डी इको करून घ्या.

मामीला नमस्कार. लोभ नंतर वाढवा, आधी तपासून घ्या.

तुमची टिटवी

*

दि. १५ ऑक्टोबर

चि. टिटवीस मामीचे आशीर्वाद.

तुझ्यापायी माझी वरात निघाली बघ. पाच देश बघणार म्हणून कडक इस्त्रीचे कपडे घातले, केस विंचरले, आणि तिथे गेल्यावर कळलं की पोरं पडद्यावर दिसतात, पण आपल्याला बघणार कुणीच नाही, नुसतं ऐकणार! बरं, ऐकलं सगळ्यांनी आणि एकमतानं मला पास केलं. फुंकरबिंकर काही नाही. मग काय, नाचता येईना अंगण वाकडं. ह्यांनी आधी माइकला दोष दिला, मग खुर्चीला, शेवटी त्या मुलीच्या कानांना.

घरी आल्यावर मात्र जुना स्टेथोस्कोप घेऊन आतल्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. बऱ्याच वेळानं बाहेर आले. चहा दिला, तो तसाच निवला. तपासणीचं नाव काढलं की सहामाही संपू दे, परीक्षा होऊ दे, असं सुरू होतं. हल्ली जिना चढताना मधेच थांबतात आणि खिडकीबाहेर काहीतरी बघतोय असं सोंग करतात. त्या खिडकीतून समोरची भिंत दिसते.

मला भीती वाटते गं. जन्मभर दुसऱ्यांची हृदयं तपासली, आणि स्वतःच्या बाबतीत हे असं. तू लिही त्यांना. तुझं ऐकतात. म्हणजे आधी ओरडतात, मग ऐकतात. माया पातळ होऊ देऊ नकोस.

मामी

*

दि. २४ ऑक्टोबर

चि. टिटवीस आशीर्वाद.

मामीनं तुला लिहिलं, मग तू मला दोन पानं झापलंस. संगनमत लक्षात आलंय. असो. तार बरोबर, मी चूक. हे वाक्य लिहायला अर्धा तास लागला, तेव्हा जपून ठेव.

त्या दिवशी खोलीत माझं मीच ऐकलं. फुंकर आहे, अगदी स्पष्ट आहे. इतकी वर्षं छातीला माइक लावत होतो, पण निरोगीच ऐकू येणार हे आधी ठरवून. टू-डी इको झाला. हृदयाची एक झडप नीट मिटत नाही, रक्त मागे गळतं. ती बदलावी लागेल. तुझ्याच तारेवरून आमचे सर्जन आणि सातासमुद्रापलीकडचे एक तज्ज्ञ एकाच वेळी माझं हलतं हृदय बघत बसले आणि चांगले तावातावानं भांडले. मी मधे बोलायला गेलो, तर पेशंटनं गप्प बसावं असं दोघांनीही सांगितलं. या एका मुद्द्यावर त्यांचं लगेच जुळलं.

शस्त्रक्रिया मी कबूल केली आहे, पण एका अटीवर. आदल्या दिवशी मला तार आणि पाचही देश हवेत. नवी झडप बसली की हा आवाज पुन्हा मिळायचा नाही, आणि इतका चांगला नमुना फुकट घालवणं मला जमणार नाही. तेवढी सोय कर. ताणलेला लोभ पूर्ववत झाला आहे, कळावे.

मामा

*

दि. ९ नोव्हेंबर

चि. टिटवीस मामीचे अनेक आशीर्वाद.

फोनवर कळवलंच होतं, शस्त्रक्रिया छान झाली. शुद्धीवर आल्यावर ह्यांनी पहिलं काम केलं ते नर्सनं स्टेथोस्कोप चुकीचा धरलाय हे सांगण्याचं. तेव्हाच सर्जन म्हणाले, की आता काळजी नाही.

तू आदल्या दिवशीच्या वर्गाचं विचारलंस. तुम्हा तारवाल्यांना नुसते आकडे दिसतात, आवाज नाही, म्हणून सांगते. मी मागच्या बाकावर बसले होते. स्पीकरमधून सगळ्या खोलीभर ह्यांचं हृदय वाजत होतं, आणि दर ठोक्यामागे ती फुंकर. इतका संसार झाला, पण असं कधी ऐकलं नव्हतं. मला रडू आलं, तर ह्यांनी डोळे वटारले. एकेका देशातली पोरं काय ऐकू येतं ते सांगत होती, एकमेकांच्या चुका काढत होती, हे मिटक्या मारत ऐकत होते. कुणीही ह्यांना बरं वाटावं म्हणून खोटं बोललं नाही.

शेवटी त्या भित्र्या मुलीनं हात वर केला आणि विचारलं, की सर, उद्याची भीती वाटते का. ह्यांनी नेहमीच्या ऐटीत मान उडवली, आता छे म्हणणार. पण माइक छातीवरच होता. तोंडातून शब्द फुटायच्या आत ठोके पळायला लागले, धडधड धडधड, आणि पाचही देशांत एकदमच ऐकू गेले. कुणी हसलं नाही. ह्यांनी उघडलेलं तोंड मिटलं, थोडा वेळ स्वतःचंच ऐकत बसले, आणि म्हणाले, की हो, वाटते. त्यानंतर ठोके हळूहळू सावकाश झाले. तेही सगळ्यांनी ऐकलं.

येशील तेव्हा राहायलाच ये.

तुझी मामी