दुकानाला दार नाही

१८ ऑगस्ट, सोमवार
शनिवारी लिहिलं ते चूक आहे. "हर्षालीचं बोट दारात सापडलं" असं शांतीलालकाकांनी तिच्या वडिलांना सांगितलं, आणि मी तेच इथे उतरवलं. दुकानाला दार नाही. शटर आहे!

खरं असं. कापडदुकानाच्या मागच्या खोलीत काकांचा आणि माझा शुद्धलेखनाचा वर्ग. दुसरीची मुलं वाक्यं लिहीत होती. हर्षाली पूर्णविराम विसरली — परत. काकांनी कापड मोजायचा लोखंडी गज उचलला. तिच्या वहीवर मुंगी होती. "थांब," म्हणाले, हलकी फुंकर मारून मुंगीला बाजूला केलं. मग तिच्या बोटावर हाणला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला — पेन्सिल मोडावी तसा. आणि मी मुलांना म्हटलं, "पुढचं वाक्य लिहा." मी!

१९ ऑगस्ट
मलाही लिहायला काकांनीच शिकवलं. घरातलं प्रत्येक मूल त्या गजाखालून गेलं. माझं अक्षर सुंदर आहे. या पानावरसुद्धा.

२१ ऑगस्ट, गुरुवार
पर्युषण सुरू. काकांची अठ्ठाई — आठ दिवस फक्त उकळलेलं पाणी.

हर्षालीचे वडील, सुदर्शनभाऊ, शिनोलीहून तिला सोडायला आले. तिच्या उजव्या हाताला प्लॅस्टर. मी त्यांना बाहेरच गाठलं. दार नव्हतं भाऊ, गज होता.

"म्हाईत हाय, ताई. पोरीनं सांगितलंय." हसले! "आवं, शेठनी हाणल्याबिगर अक्षर येतंय व्हय? माझ्याकडं बघा — सही म्हटलं की लई घाम फुटतो."

आत काका तिला म्हणाले, "डाव्यानं लिही. सवय होते." वर्ग सुटला तेव्हा डावा हात सुजलेला.

२३ ऑगस्ट
मम्मी मूग निवडत होती. सांगितलं — पोलिसांत जाते.

"वेडी झालीस? गुरुवारी संवत्सरी. काका सगळ्यांपुढे हात जोडतील, त्या पोरीपुढेही. माफी मागितली की संपलं!" मग माझ्या वाकड्या करंगळीकडे बघून, सहज — "तुझंही दारातच सापडलं होतं ना."

तेव्हाही शटरच होतं.

२४ ऑगस्ट, रविवार
गुरुवारी काका माझ्यापुढेही हात जोडणार. "मिच्छामि दुक्कडम्" म्हटल्यावर मला मनातूनही माफ करावं लागेल — नुसतं तोंडानं म्हणणं मला जमत नाही. आणि माफ केल्यावर तक्रार कुठल्या तोंडानं करू? शुक्रवारी गज परत वर जाईल. दर वर्षी जातो.

म्हणजे गुरुवारच्या आत.

२५ ऑगस्ट, सोमवार
वर्ग सुटल्यावर काकांनी गज माझ्या हातात दिला. "उपासानं हात थरथरतो. उद्यापासून तू हाण."

घेतला. घरी आणला.

उद्या, मंगळवार, २६ ऑगस्ट. शटर वर जायच्या आत पोलीस ठाण्यात — हा गज आणि माझी करंगळी घेऊन.